‘शेजारी’ या शब्दाचा विस्तार : ‘स्मृतिचित्रे’ आणि मराठी ख्रिस्ती साहित्य

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एका शास्त्र्याने येशूला विचारलेला प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दार्थाचा आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा त्याला ठाऊक आहे. शेजारी नेमके कोणाला म्हणावे एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे आहे. आज्ञेची हद्द आखून मिळाली की पालन सोपे होते, असा या प्रश्नामागील धर्मशास्त्रीय मनाचा हिशेब असतो. येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक मनुष्य, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी, आणि यहुद्यांनी ज्याच्याशी व्यवहार ठेवू नये असा शोमरोनी. गोष्ट संपल्यावर येशू मूळ प्रश्नच उलटा फिरवितो : या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा शोधून काढावयाचा नसून आपण व्हावयाचा आहे, असे हे उत्तर आहे. मराठीतील ख्रिस्ती साहित्याने या उत्तराचे काय केले, हे पाहावयाचे तर आरंभ त्या एका शब्दापासूनच करावा लागतो.

‘शेजारी’ हा मराठी शब्द भूगोलाचा आहे. भिंतीला भिंत लागून ज्याचे घर तो शेजारी. मराठी समाजाला शेजाऱ्याविषयीची कर्तव्ये शिकवावी लागली नाहीत. ‘शेजारधर्म’ हा शब्दच भाषेत सिद्ध होता. विरजणाला ताक, अडल्यावेळी वाटीभर पीठ, बाळंतपणाला आणि मर्तिकाला धावून जाणे हा सारा व्यवहार त्या शब्दात येतो, आणि त्यात ओलावा होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जुन्या गावाची रचना डोळ्यांपुढे आणली की या ओलाव्याची मर्यादा स्पष्ट होते. ब्राह्मणआळी, कुंभारवाडा, आणि गावकुसाबाहेरचा महारवाडा, मांगवाडा. जेथे घराची जागाच जातीने ठरलेली आहे, तेथे ‘शेजारी’ हा शब्दही जातीच्या आतच फिरतो. ताक भिंतीवरून जाई, पण गावकूस ओलांडून जात नसे. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी जेव्हा हा शब्द योजला तेव्हा त्यांनी सर्वांत स्वाभाविक शब्द निवडला, आणि त्याच वेळी मूळ आज्ञेला ज्याचा विरोध असावा अशी एक समाजरचनाही त्या शब्दाबरोबर आत घेतली. ‘प्रीती’ या शब्दाचेही तसेच. मराठी काव्यात हा शब्द प्रामुख्याने स्त्रीपुरुषांच्या ओढीशी निगडित होता. ख्रिस्ती मराठीने त्याला शत्रूपर्यंत पोहोचणाऱ्या भावाचा अर्थ दिला आणि बाहेरच्या वाचकाला तो बराच काळ थोडा अवघडल्यासारखा वाटत राहिला. सेरामपूर येथे 1811 मध्ये नवा करार मराठीत छापला गेला तेव्हापासूनच्या दोनशेहून अधिक वर्षांत या दोन शब्दांना नवे अर्थ चिकटवण्याचे काम भाषांतरकारांपेक्षा ललित लेखकांनी अधिक केले, असे मानावयास जागा आहे.

अर्थात मराठी मनाला शोमरोन्याची गोष्ट सर्वस्वी नवी नव्हती. पैठणच्या वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्याचे पोर उचलून कडेवर घेणारे एकनाथ महिपतीच्या संतचरित्रांमुळे घरोघर पोहोचले होते. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणारेही तेच. पावित्र्याचा नियम आणि समोरचा तडफडणारा जीव यांत जिवाची निवड करणारा हा ब्राह्मण आणि वाटेवर थांबणारा शोमरोनी एकाच कुळातले आहेत. भेद आहे तो पुढे. एकनाथांच्या कृतीमागे सर्वांभूती एकच परमेश्वर पाहण्याची दृष्टी आहे. गाढवाला पाणी पाजताना ते परमेश्वरालाच पाजीत असतात. तेथे दुसरा उरतच नाही. ख्रिस्ती आज्ञेत दुसरा दुसराच राहतो. त्याचे परकेपण, क्वचित त्याचे वैरही, शिल्लक असते आणि त्यासह त्याच्यावर प्रीती करावयाची असते. वाङ्मयाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही. ऐक्याच्या अनुभूतीला अभंग हे स्वाभाविक रूप सापडते. दुसऱ्याच्या दुसरेपणासह राहण्याची कथा सांगावयाची तर प्रसंग लागतात, स्वभाव लागतात, घर लागते. थोडक्यात, गद्य लागते.

म्हणूनच मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पहिल्या महाग्रंथाकडे या दृष्टीने फार काळ थांबण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 मध्ये राशोल येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ची थोरवी त्याच्या ओवीत आणि भाषाप्रेमात आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात तारणाची कथा आदिपासून अंतापर्यंत सांगण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पुराणाच्या विस्तृत पटावर शेजारी हा उपदेशाचा विषय राहतो, व्यक्ती होत नाही. एका इंग्रज जेझुइटाने परक्यांची भाषा इतक्या मायेने आपलीशी करावी ही घटनाच या आज्ञेचे एक पालन आहे असे म्हणता येईल. परंतु ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण लिहिले गेले तिने गोव्यातील देवळांचे काय केले हेही वाचकाला विसरता येत नाही.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’त (1857) मात्र शेजाऱ्याला प्रथमच एक सामाजिक चेहरा मिळतो. यमुना आणि विनायक प्रवास करतात आणि वाटेवर त्यांना एकामागून एक विधवा भेटत जातात. यरीहोच्या वाटेवरचा जखमी मनुष्य येथे केशवपन केलेल्या स्त्रीच्या रूपात घरोघरी पडलेला आहे, आणि याजक व लेवी तिच्या स्वतःच्याच घरचे आहेत. पदमनजींना हे दिसले ही त्यांची मोठी मिळकत. कलाकृती म्हणून कादंबरी दुबळी आहे, कारण प्रत्येक जखम दाखविल्याबरोबर लेखकाला औषधाचे नावही सांगावयाचे असते. यमुनेचा वैधव्यानंतरचा धर्मस्वीकार आणि पुनर्विवाह हा कथेचा शेवट मानवी ओढीतून आलेला वाटण्याऐवजी युक्तिवादाचा निष्कर्ष वाटतो. प्रीती ही धर्मप्रसाराची साधनसामग्री झाली की ती प्रीती राहते का, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याचा पिच्छा येथून पुढे सोडत नाही. हिंदू वाचकाची शंका तीच होती आणि ती अगदी निराधार नव्हती.

या शंकेला पंडिता रमाबाईंचे आयुष्य एका बाजूने पुष्टी देते आणि दुसऱ्या बाजूने निरुत्तर करते. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पुण्यातील सुधारकांनी त्यांची साथ सोडली, हे प्रसिद्ध आहे. परंतु 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अन्नान्न झालेल्या मुली आणि स्त्रिया आणून केडगाव येथे त्यांनी जे वसविले, त्याच्या आकाराचे काम त्या वेळी आरोप करणाऱ्यांपैकी कोणी केले नाही. वाङ्मयीन दृष्ट्या अधिक बोलके आहे ते त्यांचे बायबल. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा उतारवयात शिकून, संस्कृतप्रचुर पंडिती टाळून, अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी ते उतरविले. 1922 मध्ये त्यांच्या निधनापूर्वी काम संपले, 1924 मध्ये ते छापून निघाले आणि खिळे जुळविण्यापासूनचे श्रम मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. ज्यांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या संस्कृतच्या बळावर मिळविल्या होत्या त्या बाईंनी शेजारणीसाठी संस्कृत सोडावे, हा त्यागही नोंदविण्याजोगा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्यापाशी आल्यावर हा विषय काव्याच्या कक्षेत येतो. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच टिळक त्या पुस्तकात गुंतले. हा तपशील त्यांच्या पुढील साऱ्या कवितेची किल्ली आहे. त्यांना ख्रिस्त प्रथम भेटला तो सिद्धांत म्हणून नव्हे. वैऱ्यावरही प्रीती करा असे सांगणारा गुरू म्हणून भेटला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची स्वतःविषयीची जाण होती, आणि त्यांच्या ‘अभंगांजली’त ती वाट ऐकू येते. ‘केवढे हे क्रौर्य’ या सर्वतोमुखी झालेल्या कवितेत घायाळ पक्षिणीचे दुःख ज्या थेटपणे येते, त्यातही करुणेला पात्रापात्रता न विचारणारी हीच वृत्ती आहे. तरीही टिळकांच्या कवितेतील ‘जन’ हा बहुधा समुदाय आहे. त्याला नाव, गाव, खोड नसते. कवीचे हृदय सर्वांसाठी उघडे आहे एवढे कळते, पण त्या उघड्या दारातून कोण आत आले आणि आल्यावर घरात काय झाले, हे कवितेत नाही.

ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे (1868–1936) हे आत्मचरित्र मराठी गद्याचा एक मानदंड मानले जाते. त्यातील विनोद, निर्व्याजता, संवादांचा ताल यांवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने एक गोष्ट मागे राहिली : हे पुस्तक शेजारी या शब्दाच्या विस्ताराची कथा आहे आणि ती क्रमाने, खोलीखोलीतून, पाण्याच्या भांड्याभांड्यातून सांगितलेली आहे.

कथेचा आरंभच सोवळ्यापासून होतो, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागलेले होते. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून हे वेड उपजले, असा त्याचा कार्यकारणभाव लक्ष्मीबाई देतात. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तूही त्याला अपवाद नाही. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. परंतु या हास्याखाली एक भयानक निदान आहे : स्पर्शाची भीती मुळात दुःखाची भीती आहे. बाहेरच्या जगाने एकदा घरातला माणूस नेला, म्हणून आता बाहेरचे काहीच आत येऊ द्यावयाचे नाही. दृष्टांतातील याजक आणि लेवी रस्त्याच्या पलीकडून का गेले याविषयी भाष्यकारांनी प्रेतस्पर्शाच्या अशौचाकडे बोट दाखविले आहे. लक्ष्मीबाईंना हे भाष्य वाचावे लागले नसते, कारण त्या त्याच घरात वाढल्या होत्या.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता. ज्याने साऱ्या जगाला भाऊ मानले त्याने सर्वांत जवळच्या माणसाला या निर्णयात शेजारही दिला नाही. लक्ष्मीबाईंची त्या वेळची वेडीपिशी अवस्था, त्यानंतर माहेरच्या माणसांत काढलेली वियोगाची वर्षे, टिळकांविषयीची ओढ आणि त्यांच्या धर्माविषयीची किळस एकाच वेळी बाळगणारे मन, हे सारे त्यांनी ज्या निःपक्षपातीपणाने लिहिले आहे तो भाग पुस्तकाचा प्राण आहे. टिळक येथे संतही नाहीत आणि खलही नाहीत. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना जमत नाही आणि म्हणून घरच्या डब्यात काही टिकत नाही. परोपकाराचा हिशेब नेहमी घरातल्या बाईच्या खात्यावर मांडला जातो, ही गोष्ट इतक्या हसतमुखाने आणि इतक्या निर्दयपणे मराठीत अन्यत्र क्वचितच सांगितली गेली असेल. दूरच्यावरील प्रीतीने जवळच्याला पारखे करावे, हा शेजारप्रीतीतील जुना दोष. लक्ष्मीबाई त्यावर टीका करीत नाहीत, रिकामा डबा तेवढा उघडून दाखवितात.

पुढे त्या नगरला नवऱ्याच्या जवळ राहावयास येतात, पण आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. एका संसारात दोन पाणवठे. आणि मग हे पुस्तक जी गोष्ट सांगते ती धर्मांतराच्या नेहमीच्या कथनांहून अगदी वेगळी आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद आधी गळून पडतो, ख्रिस्तावरील विश्वास नंतर येतो. जात ही माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे, एवढ्या साध्या विचारापाशी त्या स्वतःच्या बुद्धीने येतात आणि कोणाच्याही हातचे घेऊ लागतात. बाप्तिस्मा होतो तो पुढे, 1900 मध्ये. ‘यमुनापर्यटना’त विश्वासाचा निष्कर्ष म्हणून प्रीती येते, ‘स्मृतिचित्रे’त प्रीती आधी हातून घडते आणि विश्वास म्हणजे काय ते तिच्यातून उमगते. शोमरोन्याच्या दृष्टांताशी हा क्रम अधिक इमानी आहे. तो शोमरोनी काय मानीत होता हे येशूने सांगितलेले नाही. तो काय करता झाला तेवढेच सांगितले आहे.

टिळकांचे घर नंतर परक्यांच्या मुलांनी भरून गेले. त्यांतील बालकवी ठोमरे यांचे लक्ष्मीबाईंनी काढलेले चित्र मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचे आहे. ख्रिस्ती घरात राहिलेला हा हिंदू मुलगा अखेरपर्यंत हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंच्या लेखनात तो धर्मांतराचा उमेदवार म्हणून एकदाही उभा राहत नाही. हळवा, हट्टी, लाडावलेला पोर म्हणूनच राहतो. प्रीती हे साधन आहे की साध्य, या जुन्या शंकेचे मराठी साहित्यातील सर्वांत समाधानकारक उत्तर बालकवींच्या या चित्रात आहे, आणि ते उत्तर देण्याचा हेतूही लेखिकेच्या मनात नाही. टिळकांनी हाच विचार संस्थेच्या रूपात आणू पाहिला. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून सातारा येथे त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ मांडला त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले आणि दरबार उठला. नगरचे घर मात्र पुस्तकात उभे आहे.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कार्यही या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवे. परोपकाराच्या लेखनाला स्वतःच्या चांगुलपणाची भूल पडते आणि मग उपकृत माणूस लहान होत जातो. मिशनरी वृत्तान्तांत हा दोष ढीगभर सापडतो. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती इतक्या आनंदाने सांगतात की घरात आलेल्या कोणाहीपेक्षा त्या वरच्या पायरीवर उभ्या राहूच शकत नाहीत.

असे असूनही एका मर्यादेची नोंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती समाज हा बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतून आलेला होता. टिळक पतिपत्नी या समाजात आले ते चित्पावन ब्राह्मण म्हणून, आणि मराठी साहित्याने या समाजाकडे पाहिले ते प्रायः त्यांच्याच डोळ्यांनी. लक्ष्मीबाई गावकूस ओलांडून गेल्या हे खरे. परंतु गावकुसापलीकडच्या ख्रिस्ती स्त्रीला त्या ओलांडण्याविषयी काय वाटले, हे ‘स्मृतिचित्रे’त नाही, आणि तिने लिहिलेले दुसरे ‘स्मृतिचित्रे’ मराठीला मिळालेले नाही. दृष्टांतातही जखमी मनुष्य एक शब्द बोलत नाही. तेल आणि द्राक्षारस ओतला गेला, जनावरावर बसविले गेले, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले गेले. या सर्व क्रियांचे कर्म तो आहे, कर्ता कधीच नाही. दलित साहित्याने 1960 नंतर मराठीत दयेविषयी जो संशय व्यक्त केला त्याच्या प्रकाशात हे मौन अधिक जाणवते. दया नको, हक्क हवा, ही मागणी ख्रिस्ती दलितांच्या बाबतीत आणखी गुंतागुंतीची होते, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणजे ज्याच्या जखमेमुळे आज्ञा उच्चारली गेली, त्याला कायदा जखमी मानीत नाही. या अनुभवाचे मराठी गद्य व्हावयाचे आहे.

अलीकडच्या काळात या परंपरेला जे नवे वळण मिळाले ते वसईत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून आणि ‘सुबोध बायबल’च्या भाषांतरातून ख्रिस्ती मराठीला मुख्य प्रवाहाशी जोडले, 2020 मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या निवडीला झालेला विरोध आणि त्याहून मोठ्या संख्येने झालेले स्वागत, दोन्ही पाहिले की शेजार अजून वादाचाच विषय आहे हे कळते. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत दिब्रिटोंनी विहिरीचे पाणी आणि वाडीतील झाड यांनाही शेजाऱ्याच्या व्याख्येत आणले. त्यांचे ललित गद्य प्रसन्न आहे, परंतु त्याला व्यासपीठाची सवय आहे. वाक्य आपण ऐकले जात आहोत हे विसरत नाही. लक्ष्मीबाईंचे वाक्य चुलीपुढे बसलेले असते; एक डोळा दुधावर, एक दाराकडे, आणि दारात कोण आले आहे हे पाहण्याआधीच हात पाण्याच्या तांब्याकडे गेलेला.